झोपेची नोंद कोणाच्या वहीत? ट्रक ड्रायव्हरच्या तासांचा इतिहास

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गावर जांबरगाव टोलनाक्याजवळ, एक मिनीबस ट्रकवर आदळली. सैलानी बाबांच्या दर्गाहून नाशिककडे परतणारे १२ जण गेले. ट्रक आरटीओच्या पथकाने तपासणीसाठी थांबवला होता, असं पुढे आलं. दोन अधिकाऱ्यांना आणि ट्रकचालकाला अटक झाली. ट्रक तिथे थांबवलाच का, यावर खूप चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

या अपघाताचं कारण झोप होतं, असं मला म्हणायचं नाही. माझा प्रश्न तपासणीबद्दलचा आहे. ट्रक अडवला की काय बघतात? लायसन्स, परमिट, विमा, फिटनेस, पीयूसी, वजन. "किती तास झाले चालवतोयस?" याचं उत्तर देणारा कागद ड्रायव्हरजवळ नसतो. आणि या तासांचा कायदा तर आपल्याकडे ८० वर्षांहून जुना आहे. मग कागद का नाही? माझ्या पीएचडीतलं एक प्रकरण याच प्रश्नावर आहे.

सुरुवात ब्रिटनमधून. तिथल्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने ड्रायव्हरला सलग साडेपाच तास आणि २४ तासांत ११ तास अशी मर्यादा घातली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ६५ आलं. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४. ही मर्यादा मोडायला लावायची नाही, हे बंधन मालकावर होतं.

वैजापूर तेव्हा ब्रिटिश भारतात नव्हतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे १९३२ मध्येच सरकारी बससेवा सुरू झाली होती आणि ती चालवत होतं निजामाचं रेल्वे खातं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी बस म्हटली की डेपो आला, डेपो म्हटला की ड्यूटीची वही आली. गाडी कधी सुटली, कोण घेऊन गेलं, परत कधी आला, हे कुठेतरी लिहिलेलं असतं. आज वैजापूरच्या एसटी डेपोतही तेच चालतं. एसटीच्या ड्रायव्हरला ड्यूटी जास्त होत नाही असं अजिबात नाही, पण जास्त झाली तर भांडायला त्याच्या हातात नोंद असते.

ट्रकवाल्याला डेपोच नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये मोटार परिवहन कामगार कायदा आला. कागदावर तो चांगला होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी. लांब पल्ल्याला दिवसाचे दहा तास चालतील, अशी सवलत. पण हा कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास मालवाहू गाडीवरच्या ड्रायव्हरलाही लावले. म्हणजे तास सगळ्यांना लागू झाले, पण नोंदवही ठेवायची सक्ती आणि ती बघायला येणारा निरीक्षक मोठ्या आस्थापनेपुरतेच राहिले. नियम आहे, पण मोजणारा नाही.

नॅशनल परमिटच्या गाडीला मात्र एक वेगळी अट होती: दोन ड्रायव्हर हवेत आणि दुसऱ्याला आडवं होता येईल अशी जागा हवी. वही नसली तरी दुसरा माणूस दिसतो, मोजता येतो. रस्त्यावर उभं राहून तपासता येईल असा विश्रांतीचा हा एकच नियम होता, असं माझं मत आहे. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरची सक्ती काढून टाकली.

युरोपने दुसरी वाट धरली. तिथे टॅकोग्राफ नावाचं यंत्र ट्रकमध्येच बसवलं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, आणि थांबलास की नाही हे यंत्र सांगणार. आपल्याकडे आता फास्टॅग आहे, जीपीएस आहे. गाडी कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली, हे कळतं. पण त्यातून टोल कापला जातो, मालाचा ठावठिकाणा लागतो. विश्रांतीचा हिशेब कोणी काढत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यात विलीन झाला. नव्या व्याख्येत आस्थापना ठरायला दहा कामगार लागतात. पाचाचे दहा झाले.

आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला झोप आली तर त्याने बाजूला घ्यावी ना गाडी! संभाजीनगर–वैजापूर–येवला या जुन्या रस्त्याला ढाबा आहे, ढाब्यावर बाज आहे. समृद्धीवर वाटेल तिथे थांबता येत नाही, थांबायचीही नाही. त्यात पैसे खेपेवर मिळत असतील, तर बाजेवरचे चार तास फुकट जातात आणि कांदा उशिरा पोचला तर बोलणीही खावी लागतात. अशा वेळी "झोप घे" हा सल्ला म्हणजे "कमाई सोड" असाच अर्थ होतो.

म्हणून माझ्या प्रकरणाचा निष्कर्ष साधा आहे. १९३९ पासून आपण तासांचा आकडा बदलत आलो, पण तो आकडा कोणी लिहायचा आणि थांबलेल्या तासांचे पैसे कोणी द्यायचे, हे छोट्या मालकाच्या ट्रकपर्यंत कधी पोचलंच नाही. पुढच्या लेखात या दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे खेपेच्या हिशेबाकडे वळू. तुमच्या घरात कोणी ट्रक चालवत असेल, तर त्यांना एवढंच विचारून बघा: झोपेचे तास भाड्यात धरलेले असतात का?