एका रात्रीत गर्द सोडवणारं इंजेक्शन



दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मावशी कर्ज मागायला उभ्या राहिल्या. मुलगा गर्दाच्या नादी लागलेला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, एका दवाखान्यात पोराला रात्रभर झोपवतात, इंजेक्शन देतात आणि सकाळी गर्द सुटलेलं असतं. मंगळसूत्र आधीच गहाण पडलं होतं, तरी साठ हजार कमी पडत होते. आम्ही हात वर करून कर्ज मंजूर केलं. त्या दिवशी आम्हाला जे ठाऊक नव्हतं, ते आज सांगतो.

अफू आपल्याला परकी नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्या लेकराला अफूची गोळी चाटवून पाळीवर जायच्या. पाळणाघर नाही, घरात म्हातारं माणूस नाही, लेकरू दिवसभर झोपलं तरच मजुरी मिळणार. त्यांना नावं ठेवायला आपली जीभ रेटत नाही.

अफूपासून मॉर्फीन निघालं आणि मॉर्फीनपासून हेरॉइन. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीनं हेरॉइन बाजारात आणलं, तेही खोकल्याचं औषध म्हणून! मॉर्फीनसारखी याची सवय लागत नाही, असं तेव्हा सांगितलं जायचं. आपल्याकडं गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतात, ती याच हेरॉइनची भेसळ केलेली मातकट पूड.

१९८०च्या सुमारास हे गर्द मुंबई-पुण्यात पसरलं. चांगल्या घरातली पोरं घरातली भांडी विकू लागली. लेखक अनिल अवचट या पोरांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैशाची मदत देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

गर्द थांबवल्यावर जो त्रास होतो त्याला ही पोरं ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे वाहतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या, जुलाब, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवडाभरात बरंचसं ओसरतं. बघवत नाही, पण नीट देखरेख असली, पोटात पाणी जात राहिलं, तर टर्कीनं सहसा जीव जात नाही. मुक्तांगणात मात्र टर्की उतरली म्हणून लगेच घरी पाठवत नाहीत. पस्तीस दिवस ठेवून घेतात. काम, व्यायाम, गटात बसून बोलणं, आणि सोबत घरच्यांशीही बोलणं. अनिताताई १९९७ साली कर्करोगानं गेल्या, पण त्यांची पद्धत चालू राहिली. पस्तीस दिवस कशाला, असं मावशींनाही वाटलं होतं. मजुरी बुडते, शेजारी विचारतात. आम्हालाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मुक्तांगण सुरू झालं त्याच सुमारास तिकडं युरोपात, व्हिएन्ना शहरात, डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. मेंदूत ज्या जागी गर्द जाऊन बसतं, तिथून ते ढकलून काढणारी औषधं असतात. ती दिली की आठवड्याभराची टर्की काही तासांत कोसळते. माणसाला ते सोसणार नाही म्हणून आधी ऑपरेशनला देतात तशी भूल द्यायची. जागा होईल तेव्हा शरीर रिकामं. पुढं रोज एक गोळी घेतली तर गर्द ओढूनही नशा चढत नाही. ही आशा अगदीच खोटी नव्हती. टर्कीच्या भीतीनं कितीतरी जण उपचाराच्या दारापर्यंतही येत नाहीत.

मग अमेरिकेत १०६ रुग्णांवर नीट तुलना झाली, २००५ साली ती छापून आली. भूल दिलेल्यांना जाग आल्यावर त्रास होताच, इतरांइतकाच. उपचारात ते जास्त टिकलेही नाहीत. उलट त्यांच्यातल्या तिघांच्या जिवावर बेतलं. २०१२ साली न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात ७५ जणांवर हा उपचार झाला, त्यात दोघं दगावले आणि पाच जणांना मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते, रक्तदाब चढतो, हृदय बिघडतं.

पण आम्हाला सगळ्यात मोठा धोका वाटतो तो नंतरचा. रोज गर्द घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. ते रिकामं झालं की सराव जातो, हाव मात्र जात नाही. मग पोरगं जुनीच मात्रा घेतं आणि त्याचा श्वास बंद पडतो. हे कुठल्याही पद्धतीनं सोडलं तरी होऊ शकतं, पण रातोरात घरी आलेल्याजवळ ना सोबत असते ना सवय बदललेली असते.

मावशींचं पोरगं चौथ्या दिवशी हसत घरी आलं. आम्ही पेढे खाल्ले. रोजची गोळी आठवडाभर घेतली, मग बंद केली. तिसऱ्या आठवड्यात संडासाच्या दाराबाहेर मावशींना घोरल्यासारखा आवाज आला. ओठ निळे पडले होते. त्यांनी आरडाओरडा केला, कुणीतरी १०८ला फोन लावला, सरकारी रुग्णालयात इंजेक्शन मिळालं म्हणून तो वाचला.

आता तो जिभेखाली ठेवायची गोळी घेतो. तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने घ्यावी लागते, टर्की आणि हाव दोन्ही आवरते. आमच्यातल्या दोघी अजून म्हणतात, ही एक नशा सोडवून दुसरी लावली. डॉक्टर म्हणतात, साखरेच्या गोळीसारखं समजा. आम्हाला डॉक्टरांचं पटतं, कारण पोरगं कामावर जातंय.

तुमच्या गावात कुणी अशी जाहिरात घेऊन आलं तर एवढं विचारा: भूल देणारा डॉक्टर कोण, अतिदक्षता विभाग आहे का, आणि घरी गेल्यावर पुढचे सहा महिने कोण बघणार? केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

मावशी दर महिन्याच्या बैठकीत येतात. कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत. व्याज आम्ही माफ केलंय, मुद्दल त्या स्वतःच भरायचं म्हणतात.