सोंग उतरवणारा गायक

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सोंग आणणाऱ्याची आणखी एक अडचण या म्हणीत यायची राहून गेली आहे. ती म्हणजे आणलेले सोंग उतरवण्याची. एकदा का लोक त्याच्यावर लुब्ध झाले, तिकिटे खपू लागली आणि धन्याच्या पेटीत पैसा पडू लागला, की ते उतरवण्याची मुभा सोंग घेणाऱ्यालाही उरत नाही. इंग्लंडचा विख्यात पॉप गायक डेव्हिड बोवी याने आपल्या आयुष्यात अनेक सोंगे आणली, आणि त्यांतली बरीच गाजली. परंतु १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत बर्लिन शहरी राहून त्याने जे केले, त्याला या सर्वांहून अधिक धैर्य लागले. तेथे त्याने रंग पुसला आणि उघड्या चेहऱ्याने गाऊन पाहिले.

बोवीचा जन्म ८ जानेवारी १९४७ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात झाला. त्याचे मूळ नाव डेव्हिड जोन्स. डेव्ही जोन्स नावाचा दुसरा एक गायक-नट त्याच सुमारास पुढे येत होता. तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी त्याने ऐन उमेदवारीतच नाव बदलले. उमेदवारीची ही वर्षे अपयशाचीच होती. वाद्यवृंद बदलले, तबकड्या निघाल्या आणि विसरल्या गेल्या. याच काळात लिंडसे केंप या नटाकडे त्याने मूकाभिनयाचे धडे घेतले. गाणे हे केवळ गळ्याचे काम नसून उभे राहणे, वळणे, पाहणे हाही त्याचाच भाग आहे, ही जाण त्याला तेथे आली. जुलै १९६९ मध्ये मानवाचे पाऊल चंद्रावर पडण्याच्या अवघे काही दिवस आधी त्याचे ‘स्पेस ऑडिटी’ हे एका अंतराळवीरावरचे गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यानंतर पुन्हा तीन वर्षे फारसे काही घडले नाही.

१९७२ साली त्याने ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचे पात्र निर्माण केले. तांबडेभडक केस, रंगवलेला चेहरा, पुरुषाचा म्हणावा की स्त्रीचा असा प्रश्न पडावा असा वेश, असा हा कल्पित गायक. पुढच्या वर्षी जपानी वेशकार कान्साई यामामोतो याने केलेले पोशाख त्याच्या अंगावर आले आणि काबुकी रंगभूमीची छटा त्या रूपात मिसळली. इंग्लंडात पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंध १९६७ पर्यंत फौजदारी गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जुलै १९७२ मध्ये बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर हे रूप घरोघर दिसले तेव्हा वडीलधारी मंडळी का बिथरली आणि अनेक एकाकी मुलांना का धीर आला, हे उमजते.

पात्र वाढले आणि त्याने आपल्या निर्मात्यालाच ग्रासले. लोकांना बोवी नको होता, झिगी हवा होता. हळूहळू आपण कोठे संपतो आणि झिगी कोठे सुरू होतो, हे बोवीलाही सांगता येईना. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहात, भरल्या सभेत, हा आपला अखेरचा प्रयोग असल्याचे त्याने जाहीर केले. ही वार्ता त्याच्या मागे उभ्या असलेल्या तबलजीलाही (म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याला) ठाऊक नव्हती, की बास गिटार वाजवणाऱ्यालाही. कीर्तीच्या शिखरावरच त्याने आपले पात्र पुरले.

एवढे करूनही सुटका झाली नाही. पहिल्या सोंगाची जागा दुसऱ्याने घेतली. १९७४ मध्ये तो अमेरिकेत गेला. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड या ध्वनिमुद्रणगृहात, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ‘सोल’ संगीताच्या वळणावर, त्याने ‘यंग अमेरिकन्स’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. रॉकचा कर्कश ताल गेला आणि मृदू, डौलदार लय आली. पुढे न्यूयॉर्कला जॉन लेनन याच्या सहकार्याने रचलेले ‘फेम’ हे गीत त्याच ध्वनिमुद्रिकेत आले आणि सप्टेंबर १९७५ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कीर्ती हाच त्या गीताचा विषय होता, आणि तिच्याविषयीचा कडवटपणा हा त्याचा सूर.

कीर्तीचे मोल तो दुसऱ्या मार्गानेही चुकवीत होता. लॉस एंजेलिसमध्ये कोकेनच्या व्यसनाने त्याला पोखरले. १९७६ च्या आरंभी ‘स्टेशन टु स्टेशन’ ही ध्वनिमुद्रिका आली. ती कशी तयार झाली याचे आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही, असे तो पुढे सांगत असे. पांढरा सदरा, काळे जाकीट, मागे वळवलेले केस आणि बर्फासारखी थंड नजर, असे ‘थिन व्हाइट ड्यूक’ हे त्याचे नवे पात्र होते. त्या वर्षी मुलाखतींतून त्याने हिटलर व फॅसिझम यांविषयी अत्यंत बेजबाबदार उद्गार काढले. पुढे त्याबद्दल त्याने खेद व्यक्त केला आणि व्यसनाचे व त्या पात्राचे कारण दिले. परंतु वंशद्वेषाच्या वाऱ्यांनी आधीच ढवळून निघालेल्या इंग्लंडात त्या शब्दांनी लोक दुखावले, आणि ते दुखावणे रास्तच होते. सोंग अंगात भिनले म्हणजे माणसाची वाणीही त्याची राहत नाही, याचा हा दाखला म्हणावा. तथापि बोलल्या शब्दाची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

अशा अवस्थेत १९७६ च्या उत्तरार्धात तो पश्चिम बर्लिनला आला. पूर्व जर्मनीने चहूबाजूंनी वेढलेले आणि १९६१ पासून भिंतीने बंदिस्त झालेले हे शहर. शोनेबर्ग भागात, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, त्याने साधे बिऱ्हाड थाटले. सोबत त्याच्यासारखाच व्यसनाने खंगलेला अमेरिकन गायक इगी पॉप होता. बोवी सायकलवरून फिरे, चित्रसंग्रहालयांत तासन्‌तास घालवी, स्वतःही चित्रे काढी. वाटेत त्याला कोणी अडवत नसे. ज्या राजवटीविषयी त्याने बेफिकीर शब्द उधळले होते, तिच्या पापाची फळे या शहराच्या प्रत्येक रस्त्यावर उभी होती. ती रोज पाहत तो राहिला.

या काळातली पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘लो’. तिचे बरेचसे काम फ्रान्समध्ये झाले आणि शेवट बर्लिनच्या हान्सा ध्वनिमुद्रणगृहात. निर्माता होता टोनी व्हिस्कोंटी, आणि ब्रायन ईनो हा बोवीचा प्रमुख सहकारी. तबकडीच्या पहिल्या बाजूस सात लहान रचना. काही तर सुरू होताहोताच विरून जातात. दुसऱ्या बाजूच्या चार रचनांत गाणे असे जवळजवळ नाहीच. सिंथेसायझरचे लांबलचक सूर आणि अधूनमधून अर्थहीन शब्दांचा उच्चार. व्हिस्कोंटीने एका नव्या विद्युत् उपकरणाच्या साहाय्याने ड्रमचा आघात असा बदलला, की प्रत्येक ठोक्याचा सूर खाली कोसळतो. लोक ज्याच्या आवाजासाठी पैसे मोजत, तो गायक अर्ध्या तबकडीत जवळपास मौन धरून बसला. आर. सी. ए. कंपनीला हे रुचणे कठीणच होते. तरीही जानेवारी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

त्या वसंतात आणखी एक गोष्ट घडली. इगी पॉपच्या दौऱ्यात बोवी त्याच्या वाद्यवृंदात सामील झाला आणि मंचाच्या कडेला बसून कीबोर्ड वाजवू लागला. गाणारा दुसरा, प्रकाशझोत दुसऱ्यावर. चार वर्षांपूर्वी ज्याच्या नुसत्या दर्शनाने सभागृहे वेडी होत, त्याने आपण होऊन साथीदाराची जागा घेतली.

१९७७ च्या उन्हाळ्यात हान्सामध्येच ‘हीरोज’ ही पुढची ध्वनिमुद्रिका झाली. तेथील खिडकीतून भिंत आणि तिच्यावरचे पहारेकरी दिसत. शीर्षकगीतासाठी व्हिस्कोंटीने तीन ध्वनिग्राहक मांडले: एक गायकाच्या तोंडाशी, दुसरा सुमारे २० फुटांवर आणि तिसरा सुमारे ५० फुटांवर. आवाज चढेल तसतसे दूरचे ध्वनिग्राहक उघडत. त्यामुळे त्या गीतात गायक आरंभी कानाशी बोलतो आणि अखेरीस रिकाम्या दालनाच्या टोकापर्यंत पोहोचण्यासाठी आक्रोश करतो. भिंतीच्या छायेत भेटणाऱ्या दोन प्रेमिकांचे ते गीत. ब्रिटनच्या यादीत ते २४ व्या क्रमांकावर थांबले.

पुढे बोवी पुन्हा लोकप्रियतेकडे वळला. १९८३ च्या ‘लेट्स डान्स’ने त्याला अमाप पैसा दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत लोकांना काय हवे याचा अंदाज घेत राहिल्याने आपल्या कलेची हानी झाली, हे त्याने स्वतःच कबूल केले. बर्लिनचे काम मात्र मुरत गेले. १९९२ मध्ये फिलिप ग्लास या संगीतकाराने ‘लो’मधील सुरावटींवर आपली पहिली सिंफनी रचली.

६ जून १९८७ रोजी बोवी पश्चिम बर्लिनमध्ये, राइशस्टाग इमारतीसमोर, भिंतीला लागून गायला. पलीकडे पूर्वेच्या बाजूस तरुणांचा जमाव ऐकण्यासाठी जमला, आणि त्या दिवसांत तेथे पोलिसांशी त्यांच्या चकमकी झाल्या. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत खुली झाली. राज्ये गाण्यांनी कोसळत नाहीत. त्यामागे राजकारण, अर्थकारण आणि असंख्य अनामिकांचे धैर्य असते. तरीही १० जानेवारी २०१६ रोजी बोवीचे निधन झाले, तेव्हा जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने, भिंत पाडण्यास हातभार लावल्याबद्दल, त्याचे जाहीर आभार मानले. त्या वेळी खात्याने ‘हीरोज’ची आठवण केली होती. रंग पुसलेल्या गायकाचे, विक्रीयादीत २४ व्या क्रमांकावर थांबलेले, ते गीत त्या शहराने तेवढी वर्षे जपून ठेवले होते.