मेमरी संपत गेली तो सोमवार

आधीच्या आठवड्यात, ऑक्टोबर २०१२
अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियातल्या अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये, देखभालीची माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बंद पडला. त्याच्या जागी नवा बसवला, डीएनएसमधून, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतून, जुन्याची नोंद काढून नव्याची घातली. अशी कामं तिथे नेहमीचीच. पण बदललेली नोंद कंपनीच्या आतल्या सगळ्या डीएनएस सर्व्हरांपर्यंत पोचलीच नाही आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतरचे दिवस
‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ म्हणजे ग्राहकांना भाड्याने मिळणारी डिस्क. ती पुरवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर एक दुय्यम प्रोग्रॅम चालतो. त्याचं काम फक्त अहवाल पाठवण्याचं. जुनाच पत्ता हाती असलेल्या सर्व्हरांवर हा प्रोग्रॅम मेलेल्या सर्व्हरला पुन्हा पुन्हा गाठू पाहत राहिला आणि त्यात हळूहळू मेमरी खात गेला. हीच मेमरीची गळती.

घंटा का वाजली नाही? काही अहवाल चुकले तरी चालावं अशी त्या व्यवस्थेची रचनाच होती. सर्व्हरच्या एकूण मेमरीवर नजर होती. पण हे सर्व्हर एरवीही ग्राहकांच्या डेटासाठी उपलब्ध सगळीच मेमरी सतत कमी-जास्त प्रमाणात वापरतात, त्यामुळे धोक्याची रेघ नेमकी कुठे ओढायची हे ठरवणं अवघड. मला या सगळ्या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. एकूण आकडा पाहणारा माणूस चोर पकडू शकत नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर, सकाळी १०
(वेळ पॅसिफिक. व्हर्जिनियात दुपारचा एक, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा.) उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउडच्या एका विभागातल्या (झोनमधल्या) काही डिस्क मंदावल्या, काही अडकल्याच.

मेमरी आटते तेव्हा यंत्राच्या आत काय होतं, ते आपल्या रोजच्या लिनक्सवर बघता येतं. तिथे केस्वॅपडी नावाची प्रक्रिया असते. मोकळी मेमरी ठरावीक पातळीखाली गेली की ती जागी होते, मेमरीची चार-चार केबीची पानं चाळते, सध्या न लागणारी पानं टाकून देते किंवा स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, लिहिते, आणि वरची पातळी गाठली की झोपते. गळती सुरू असेल तर ती पातळी येतच नाही. मग चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा चालवली की केस्वॅपडी सगळ्यात वर, प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या आसपास. स्वॅप बंद असला तरी सुटका नाही: चालू प्रोग्रॅमचीच पानं फेकली जातात आणि दुसऱ्या क्षणी डिस्कवरून पुन्हा वाचावी लागतात. लहान ओट्यावर भांडी फार झाली की स्वयंपाक राहतो बाजूला, नुसती उचल-ठेव चालते, तसं. मोकळी मेमरी आणखी घटली की मेमरी मागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला जागा करण्याचं काम स्वतःच करत थांबावं लागतं. यंत्र ‘हँग’ झालं असं आपण म्हणतो ते इथे.

सुमारे ११
आजारी सर्व्हरवरचं काम निरोगी सर्व्हरवर हलवायचं, ही तिथली स्वयंचलित सोय. पण एकाच वेळी इतक्या सर्व्हरांची मेमरी संपली होती की हलवायला निरोगी सर्व्हर पुरेनात. अडकलेल्या डिस्कची संख्या झपाट्याने वाढली. रेडिट, फोरस्क्वेअर, हिरोकू यांसारख्या सेवा कोलमडल्या किंवा रखडल्या.

११.१०
अभियंत्यांनी ही हलवाहलव मंद केली. ११.३५ला बऱ्याच डिस्क आपोआप सावरू लागल्या.

दुपारी १.४०
सुमारे साठ टक्के डिस्क परत आल्या, तरी मूळ कारण हाती नव्हतं. सावरण्याचाच गोंधळ इतका मोठा होता की त्याखाली तो छोटा प्रोग्रॅम दिसत नव्हता.

३.१०
कारण सापडलं. अहवालवाल्या प्रोग्रॅमने अडवलेली मेमरी मोकळी केली आणि ४.१५पर्यंत जवळपास सगळ्या डिस्क पूर्ववत झाल्या.

पाच तास अडकून पडलेलं गाडं शेवटी इतक्या साध्या उपायाने हललं, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे अॅमेझॉनने प्रत्येक प्रक्रियेच्या मेमरीवर वेगळी नजर ठेवण्याचं आणि दुय्यम प्रक्रियांना मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. तुमच्या सर्व्हरवर केस्वॅपडी वर दिसली तर तिच्यावर चिडू नका, स्वॅपचे आकडे बदलत बसू नका. ‘टॉप’मध्ये मोठं एम दाबा, म्हणजे यादी मेमरीनुसार लागेल. कुणाचा आकडा तासागणिक वाढतोय ते लिहून ठेवा आणि त्या प्रक्रियेला आजच मर्यादा घाला.