सराव की खरा हल्ला? ट्रेनिंगचा मेसेज खरा समजला गेला त्या घटना

२०२३ मध्ये भारतात अनेकांचे फोन अचानक जोरात वाजले, थरथरले आणि स्क्रीनवर एक इमर्जन्सी मेसेज झळकला. दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. हा नमुना मेसेज आहे, तुम्हाला काहीही करायची गरज नाही, असं त्यातच लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी तो वाचला आणि विसरून गेले. पण 'ही चाचणी आहे' हे एवढं स्पष्ट सांगणं किती महत्त्वाचं असतं, हे जगाला काही भयंकर प्रसंगांतून कळलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि टेस्टिंग हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. चला, एकेक घटना पाहू.

सराव खऱ्यासारखा का करायचा?

सुरुवात विमानांपासून करू. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या घरी पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. पेटीला जसा भाता असतो, तसेच भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने १९२०च्या दशकाच्या शेवटी एक डुलणारं, वळणारं छोटं खोटं विमान तयार केलं. हाच 'लिंक ट्रेनर'. सुरुवातीला लष्कराने त्यात फारसा रस घेतला नाही, जत्रेतल्या खेळण्यासारखाच त्याचा उपयोग होत होता.

१९३४ मध्ये चित्र बदललं. अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं. रात्र, धुकं, बर्फ अशा हवेत फक्त उपकरणं बघून विमान चालवायचा पुरेसा सराव त्यांना नव्हता. काही महिन्यांत डझनभर वैमानिक मेले. मग लष्कराने लिंककडून सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात याच निळ्या डब्यांमध्ये बसून लाखो वैमानिक शिकले.

यातून एक गोष्ट पक्की झाली: सराव जितका खऱ्यासारखा, तितका उपयोगी. पण इथेच दुसरा धोका लपलेला आहे. सराव अगदी खऱ्यासारखा असेल, तर तो खराच वाटू शकतो.

९ नोव्हेंबर १९७९: टेस्ट डेटा थेट लाइव्ह स्क्रीनवर

नोराड ही अमेरिका आणि कॅनडा यांची संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणा. तिचं केंद्र तेव्हा कोलोरॅडोमधल्या शायन डोंगराच्या पोटात होतं. त्या दिवशी तिथल्या स्क्रीनवर सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रांचा प्रचंड मोठा हल्ला केल्याचं दिसू लागलं. पेंटागॉनसह इतर कमांड केंद्रांतही तेच दिसत होतं. लढाऊ विमानं आकाशात झेपावली. राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव असलेलं आपत्कालीन विमानसुद्धा उडालं, तेही राष्ट्राध्यक्षांशिवाय.

अधिकाऱ्यांनी उपग्रह आणि रडारचा मूळ डेटा तपासला. तिथे काहीच नव्हतं. काही मिनिटांत उलगडा झाला: सरावासाठी तयार केलेली हल्ल्याची माहिती चुकून चालू यंत्रणेत शिरली होती. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी नंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून या प्रकाराबद्दल चिंता व्यक्त केली.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट एन्व्हायर्न्मेंट आणि प्रॉडक्शन वेगळं नव्हतं. ज्या कॉम्प्युटरवर देशाचं संरक्षण अवलंबून होतं, त्यावरच चाचणीही चालत होती. यानंतर चाचण्यांसाठी डोंगराबाहेर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात वेगळी सोय उभारण्यात आली.

जून १९८०: काही सेंटची चिप

सात महिन्यांनी पुन्हा गडबड झाली. ३ जूनला कमांड केंद्रांच्या स्क्रीनवर येणाऱ्या क्षेपणास्त्रांचे आकडे दिसू लागले, तेही प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे. ६ जूनला पुन्हा तेच. कारण निघालं एक बिघडलेली चिप, जिची किंमत एक डॉलरही नव्हती.

पण खरा दोष चिपपेक्षा खोल होता. लाइन चालू आहे की नाही हे तपासायला नोराडकडून सतत मेसेज जात असत. त्यांचा साचा हल्ल्याच्या इशाऱ्याचाच होता, फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्य असे. चिप बिघडली आणि शून्याच्या जागी २ हा आकडा येऊ लागला. आलेला मेसेज वाटेत बदलला आहे का, हे पकडणारी तपासणीही त्यात नव्हती. आज तुमच्या फोनवर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डेटा पॅकेटला अशी तपासणी असते. नंतर नोराडनेही मेसेजचा साचा बदलला.

१३ जानेवारी २०१८: ३८ मिनिटं

आता तुमच्या-माझ्या हातातल्या फोनची गोष्ट. शनिवारी सकाळी ८:०७ वाजता अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर अलर्ट आला: क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही.

झालं असं की राज्याच्या आपत्कालीन केंद्रात शिफ्ट बदलत होती आणि रात्रीच्या पर्यवेक्षकाने पूर्वसूचना न देता ड्रिल घेतलं. फोनवर ऐकवलेल्या संदेशात 'सराव, सराव, सराव' असे शब्द होते, पण मध्येच 'हा सराव नाही' असंही वाक्य होतं. एका कर्मचाऱ्याला ते खरंच वाटलं. त्याने मेनूमधून खरा अलर्ट निवडला. सॉफ्टवेअरने विचारलं, हा अलर्ट पाठवायची खात्री आहे का? गंमत बघा, टेस्ट अलर्ट निवडला असता तरी अगदी हाच प्रश्न आला असता. त्याने 'हो' दाबलं.

लोकांनी फोन करून घरच्यांचा निरोप घेतला. कुणी बाथटबमध्ये लपलं, कुणी मुलांना मॅनहोलमध्ये उतरवलं. चूक झाल्याचं गव्हर्नरांना दोन मिनिटांत कळलं होतं, पण त्यांचं ट्विट पंधरा मिनिटांनी आलं. ट्विटरचं लॉगिन आठवत नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. फोनवर दुरुस्तीचा मेसेज यायला तब्बल ३८ मिनिटं लागली, कारण 'खोटा इशारा होता' असा तयार मेसेजच सिस्टीममध्ये नव्हता.

यानंतर अलर्ट पाठवायला दोन माणसांची संमती सक्तीची झाली आणि रद्द करणारा मेसेज आधीच तयार ठेवला गेला.

या घटनांनी काय शिकवलं?

• टेस्ट आणि लाइव्ह यंत्रणा वेगळ्या ठेवायच्या.
• टेस्ट मेसेज दिसायलाही वेगळा हवा. फक्त एक आकडा किंवा एक शब्द वेगळा असून चालत नाही.
• 'खात्री आहे का?' एवढंच विचारू नये. 'तुम्ही लाखो लोकांना खरा इशारा पाठवत आहात' असं सांगावं.
• पाठवायच्या बटणाआधी मागे घ्यायचं बटण तयार ठेवावं.

तुमच्या फोनवर अलर्ट आला तर?

भारतातली ही यंत्रणा सेल ब्रॉडकास्टवर चालते आणि ती सी-डॉटने विकसित केली आहे. टॉवर आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी मेसेज देतो. त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. म्हणून पूर किंवा भूकंपात नेटवर्कवर ताण आला तरी तो पोहोचण्याची शक्यता जास्त असते.

मेसेज आला की आधी पूर्ण वाचा. चाचणी असेल तर त्यात तसं लिहिलेलं असेल. नसेल, तर दिलेली सूचना पाळा, मग बातम्या पाहा. आणि सारखे टेस्ट मेसेज येऊन कंटाळा आला म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन सगळेच इमर्जन्सी अलर्ट बंद करू नका. खरा इशारा येईल तेव्हा तो याच वाटेने येणार आहे.