कायमची कबर की फिरती? सिल्वासातून पाहिलेला एक जुना प्रश्न

ख्रिस्ती घरात माणूस गेला की पहिल्या काही तासांतच एक प्रश्न समोर येतो: कबर कोणती घ्यायची? साधारण तीन प्रकार असतात. पहिली कुटुंबाची कायमची कबर. ती विकत किंवा दीर्घ मुदतीनं घेतलेली असते आणि त्याच घरातल्या माणसांसाठी पुन्हा उघडली जाते. दुसरी फिरती, म्हणजे तात्पुरती कबर. ठरलेली वर्षं उलटली की ती उघडून दुसऱ्याला दिली जाते. तिसरा प्रकार भिंतीतल्या कोनाड्याचा, जिथे आधीच्या कबरीतून काढलेल्या अस्थी ठेवतात.

घरच्यांच्या दृष्टीनं हा प्रश्न पैशाचा आणि मायेचा असतो. आपल्यासारख्या इतिहासाच्या नादी लागलेल्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या घाईत जो प्रकार निवडला जातो, त्यावरच शंभर वर्षांनी त्या माणसाचा पुरावा उरणार की नाही हे बरंचसं ठरतं. या टिपणाचा मुद्दा एवढाच आहे.

आधी आपल्या गावाचं कालमान पाहू. पेशव्यांनी १७७९ च्या तहानंतर नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तो प्रत्यक्ष हाती गेला १७८३ मध्ये. दादरा १७८५ ला आलं. सिल्वासा, म्हणजे जुन्या मंडळींचं सेलवास, हे मुख्य ठाणं झालं १८८५ मध्ये. ही शेवटची तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याआधीच्या पोर्तुगीज काळात प्रतिष्ठिताची जागा चर्चच्या आत, फरशीखाली असे. वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस असिसी चर्चमध्ये पायाखाली पाहिलंत तर कुलचिन्हं कोरलेल्या शिळाच शिळा दिसतात. वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्येही तेच. वसईच्या शिळांवरचे लेख जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ च्या चौल-वसईवरच्या पुस्तकात नोंदवले. या शिळांवर नावानंतर अनेकदा ‘आणि त्याच्या वारसांची’ अशा अर्थाचे शब्द येतात. म्हणजे ती एका माणसाची कबर नव्हे, घराण्याच्या मालकीची जागा. कायमच्या कबरीची कल्पना इथली. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, चर्चं ओस पडली, छपरं गेली, पण दगडावरची नावं राहिली. ज्यांना दगड परवडला नाही ते त्याच गावात जगले आणि मेले, त्यांचं मात्र तिथे काही दिसत नाही.

ही पद्धत मोडली ती आरोग्याच्या कारणानं. कुजलेल्या हवेनं रोग होतात असं तेव्हाचं शास्त्र मानत होतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या हुकमानं दफनभूमी वस्तीबाहेर नेली, प्रत्येकाला वेगळा खड्डा द्यायचा ठरवलं आणि पाच वर्षांच्या आत तो पुन्हा उघडायचा नाही असा दंडक घातला. ज्याला कायमची जागा हवी त्यानं ती वेगळी मागून घ्यावी. आजची फिरती आणि कायमची ही विभागणी त्या हुकमात स्पष्ट दिसते. पोर्तुगालनं १८३५ मध्ये सार्वजनिक दफनभूमीचा हुकूम काढला आणि १८४४ च्या आरोग्य कायद्यानं चर्चमधल्या दफनाला बंदी केली. लोकांना हे इतकं झोंबलं की १८४६ मध्ये उत्तर पोर्तुगालात ‘मारिया दा फोन्त’ नावाचा उठाव झाला. त्याच्या कारणांत करांबरोबर दफनाचा कायदाही होता. बायका पुढे होऊन प्रेतं चर्चमध्येच पुरत होत्या. आपला माणूस देवाच्या छपराखालून उघड्या माळावर जातोय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

आता १८८५ ची तारीख आठवा. सिल्वासा मुख्य ठाणं झालं तेव्हा ही उलथापालथ सुरू होऊन पन्नास वर्षं झाली होती. म्हणून जुन्या गोव्यासारखी शिळांची फरशी इथे शोधत बसू नये. गोव्याकडे ज्याला सिमितेर म्हणतात, त्या उघड्या दफनभूमीच्या काळातलं हे गाव आहे.

फिरत्या कबरीचं गणित इंजिनिअरच्या पद्धतीनं मांडून बघू. वाटेसकट एका कबरीला ४० चौरस फूट धरा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यात साधारण २७ कबरी बसतील. समजा एखाद्या धर्मग्रामात वर्षाला दहा दफनं होतात. कबर पाच वर्षांनी फिरवली तर ५० जागा पुरतात. दोन गुंठे झाले की काम भागलं, आणि मृत्यूंचं प्रमाण तेवढंच राहिलं तर कायमचं भागलं. प्रत्येकाला कायमची कबर दिली तर ५० वर्षांत ५०० कबरी, म्हणजे साडेअठरा गुंठे, आणि पुढेही वाढतच जाणार. सगळ्यांना कायमची जागा देणं कुठल्याच वाढत्या गावाला झेपत नाही. मुंबईत १८६७ मध्ये आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात गिरगावच्या सोनापूरऐवजी शिवडीची मोठी ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि काका बाप्टिस्टा तिथेच आहेत. आज त्या शहरात नवी कायमची कबर मिळणं किती अवघड आहे, ते मुंबईकर सांगतीलच.

पण पाच वर्षं हा आकडा सगळीकडे सारखा चालत नाही. दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चिकण मातीत पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि शरीर मातीत मिसळायला जास्त वेळ लागतो. जाड लाकडाची पेटी असेल तर आणखी उशीर. वसईकडच्या काही धर्मग्रामांनी अलीकडे पेटीऐवजी कापडात दफन सुरू केलं त्यामागे हेही कारण आहे. मुसलमान समाजात हा विचार फार जुना. जमीन घट्ट असेल तर खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत कोरलेली लहद, भुसभुशीत असेल तर मधोमध चर खणलेली शक. म्हणजे कबरीचा प्रकार तिथे मातीही ठरवते.

१९६३ पासून कॅथलिक चर्चनं दहनालाही मुभा दिली. २०१६ च्या सूचनेनुसार मात्र रक्षा घरी न ठेवता पवित्र जागी ठेवायची. त्यामुळे कोनाड्याला आता नवं काम मिळालं आहे.

मग इतिहासाचं काय? दफनभूमीत फिरताना आपण संगमरवराचे फोटो काढतो आणि म्हणतो, गावात अमुक अमुक घराणी होती. खरं तर आपण फक्त कायमच्या कबरी वाचलेल्या असतात. आचारी, शिपाई, दाई, मजूर ही माणसं फिरत्या कबरींत होती आणि त्यांच्या जागी आज दुसरं कुणी आहे. दगड मोजून गावाची मोजदाद केली तर ती हटकून चुकणार.

त्यांचा शोध कागदात घ्यावा लागतो. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं प्रत्येक धर्मग्रामानं मृतांची वही ठेवावी आणि त्यात दफनाची जागाही लिहावी असं सांगितलं. त्या वहीत श्रीमंताची आणि गरिबाची ओळ सारखीच असते. दगड आणि ओळ यांपलीकडचा मार्गही आपल्या शेजारी आहे. डांगातली कोकणा मंडळी मृताच्या आठवणीला कोरीव लाकडी खांब उभा करतात. आठवण राखायला कबरीची जागा अडवून ठेवावीच लागते असं नाही.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. घरात निर्णयाची वेळ आली तर फिरती कबर घेण्यात कसलाही कमीपणा मानू नका. जमिनीच्या हिशोबानं तीच शहाणपणाची. फक्त नाव, गाव, धंदा, तारखा आणि कबरीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, क्रूसाचा फोटो काढा आणि वहीतली नोंद बरोबर झालीय ना ते तिथेच पाहून घ्या. आणि दफनभूमी पाहायला गेलात तर फादरांची परवानगी घेऊन सुरुवात लाकडी क्रूसांपासून करा. संगमरवर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, लाकडी क्रूसाचं तसं नाही.