परवानगी देणे आणि काढून घेणे

संगणकावरील माहिती कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, हा प्रश्न एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय झाली तेव्हा उभा राहिला. त्याआधी पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती देऊन परतणाऱ्या संशोधकाला यंत्राची खोली कुलूपबंद असणे एवढे संरक्षण पुरेसे होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली, म्हणजे संगणकाचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना आळीपाळीने देणारी व्यवस्था, प्रथम चालवून दाखवण्यात आली, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पुढे तिच्यात पासवर्ड आले. ते सारे एकाच फाइलीत साध्या अक्षरांत ठेवलेले असत. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आठवड्याला वाट्याला येणारा चार तासांचा वेळ पुरत नाही म्हणून, १९६२ मध्ये ती फाइल छापून देण्याची विनंती कार्डावर पंच करून दिली आणि यंत्राने ती निमूटपणे पाळली. पुढे १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करत असताना त्यांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला नेहमीच्या स्वागतसूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले.

माणसाची ओळख पटवणे आणि त्याला कशाची मुभा आहे हे ठरवणे, ही दोन कामे वेगळी आहेत, हे सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स या प्रणालीच्या रचनेत स्पष्टपणे मांडले गेले. तिच्यात माहितीच्या प्रत्येक खंडासोबत एक यादी असे आणि कोणाला तो वाचता येईल, कोणाला त्यात लिहिता येईल, हे त्या यादीत नावानिशी नोंदलेले असे. मल्टिक्सचा अनुभव घेऊन बाहेर पडलेल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही प्रणाली रचताना मल्टिक्समधली लांबलचक यादी टाळली; मालक, त्याचा गट आणि इतर सगळे, अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तीन अधिकार देणारी नऊ चिन्हांची आटोपशीर पद्धत युनिक्समध्ये रूढ झाली. ती तोकडी होती हे खरे, परंतु कोणालाही एका दृष्टिक्षेपात वाचता येई, आणि परवानग्यांच्या बाबतीत हा गुण लहान नाही. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात या साऱ्या अनुभवातून जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी दोन आजही प्रमाण मानली जातात: कामापुरताच अधिकार द्यावा, आणि जिथे काहीच सांगितलेले नाही तिथे नकार गृहीत धरावा.

फाइल हे माप मात्र डेटाबेससाठी फार जाडेभरडे ठरले, कारण पगाराचा तक्ता एकच असतो आणि त्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या माणसाची असते. बर्कली येथील इंग्रेस या प्रणालीच्या रचनाकारांनी १९७४ मध्ये यावर असा उपाय सुचवला की वापरकर्त्याने विचारलेल्या प्रश्नाला प्रणालीने त्याच्या नकळत एक अट जोडावी, जेणेकरून साऱ्या तक्त्याची मागणी करणाऱ्यालाही स्वतःच्या विभागापुरत्याच ओळी मिळतील. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील सिस्टम आर या प्रकल्पाने दुसरी वाट धरली: तक्त्याच्या मालकाने इतरांना अधिकार द्यावेत आणि ते पुढे वाटण्याची मुभाही द्यावी. पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये या पद्धतीचे जे विवेचन केले, त्यातला खरा कस देण्यात नव्हे, तर दिलेले परत घेण्यात लागला. समजा, मालकाने एका अधिकाऱ्याला सकाळी अधिकार दिला, त्याने तो दुपारी आपल्या सहायकाला दिला, आणि संध्याकाळी आणखी एका अधिकारधारकाने त्याच अधिकाऱ्याला तोच अधिकार पुन्हा दिला. आता मालकाने आपली सकाळची परवानगी मागे घेतली, तर अधिकाऱ्याचा अधिकार संध्याकाळच्या नोंदीमुळे टिकतो. सहायकाचा मात्र जातो, कारण दुपारी त्याला देण्यासारखे अधिकाऱ्याकडे सकाळच्या परवानगीखेरीज काही नव्हते. परवानगी मागे घेतल्यावरची स्थिती ती कधी दिलीच नव्हती अशी असावी, हा त्यामागचा नियम होता आणि त्यासाठी प्रत्येक नोंदीसोबत तिची वेळ ठेवावी लागे. तरीही एकानेच दुसऱ्याला तोच अधिकार पुन्हा दिला, तर त्याची स्वतंत्र नोंद राहत नसे, आणि त्यामुळे एखाद्याला हक्काचा अधिकारही नाकारला जाऊ शकतो, हे रोनाल्ड फॅगिन यांनी १९७८ मध्ये उदाहरणाने दाखवले. गावच्या फेरफार नोंदवहीत प्रत्येक व्यवहार आपल्या क्रमाने राहतो, तशी प्रत्येक देवघेव वेगळी ठेवावी, असा त्यांच्या दुरुस्तीचा आशय होता.

माणसे बदली होतात, हुद्दे राहतात. या साध्या निरीक्षणातून पुढची पायरी आली. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले रवी संधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला दिले जातात आणि व्यक्तीला भूमिकेत बसवले जाते, त्यामुळे बदली झालेल्या माणसाचे सारे अधिकार एका नोंदीने सुटतात.

विश्लेषण सॉफ्टवेअरच्या सर्व्हरने, म्हणजे आलेख आणि अहवाल ब्राउझरमधून अनेकांना दाखवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाने, ही घडी पुन्हा विस्कटली. असा सर्व्हर पुष्कळदा स्वतःच्याच एका खात्याने डेटाबेसमधून माहिती आणतो, त्यामुळे डेटाबेसला पलीकडचा माणूस दिसतच नाही आणि तिथे काळजीपूर्वक वाटलेले अधिकार निरुपयोगी होतात. परवानग्यांचा सारा संसार सर्व्हरवर नव्याने मांडावा लागतो. स्टॅनफर्डमधील संशोधनातून २००३ मध्ये निघालेल्या टॅब्लो या कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक बाबीसाठी होकार, नकार आणि अनुक्त अशा तीन स्थिती असतात. अनुक्त म्हणजे अखेरीस नकारच. एका गटातून होकार आणि दुसऱ्यातून नकार आला तर नकार चालतो, पण व्यक्तीच्या नावाने केलेला नियम गटांच्या नियमांवर मात करतो. हा शेवटचा नियम सोयीचा आणि तितकाच घातक आहे, कारण कोणाला घाईत दिलेली वैयक्तिक सवलत गटावर घातलेल्या पुढच्या बंदीलाही दाद देत नाही. शिवाय मूळ प्रकल्पात सर्व वापरकर्त्यांच्या गटाला आधीच काही परवानग्या असतात आणि नवे प्रकल्प त्याच साच्यातून निघतात. साल्ट्झर आणि श्रोडर यांचे दुसरे तत्त्व नियमांत पाळले जाते आणि साच्यात सैल होते.

सिस्टम आरमधील परतीचा हिशेब सारी देवघेव प्रणालीच्या आतच होते या गृहीतावर उभा होता, तर विश्लेषण सर्व्हरवरचा अहवाल ईमेलने जातो आणि त्यामागची आकडेवारी फाइल म्हणून उतरवून घेता येते, जिच्यापर्यंत परवानगी मागे घेण्याचा कोणताही आदेश पोहोचत नाही. म्हणूनच टॅब्लोच्या सर्व्हरवर आलेख पाहणे, त्याची गोळाबेरीज उतरवून घेणे आणि मुळातली सगळी माहिती उतरवून घेणे, या तीन वेगळ्या परवानग्या आहेत.