सूक्ष्मशैवाल संवर्धन

सूक्ष्मशैवाल संवर्धन म्हणजे नुसत्या डोळ्यांना सुटी न दिसणारी, बहुधा एकपेशीय शैवाले पाण्यात हेतुपुरस्सर वाढविणे. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. त्यांच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असल्याने एक किलो कोरडे शैवाल तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. धुराड्यातील वायू शैवालास पुरवून प्रदूषण रोखावे आणि विकाऊ मालही मिळवावा, ही कल्पना याच हिशेबावर उभी आहे.

संवर्धन मुख्यतः २० ते ३० सेंटीमीटर खोलीच्या, लांबट गोलाकार उघड्या तळ्यांत केले जाते. वल्ह्यांचे चाक पाणी फिरते ठेवते. बंद पारदर्शक नळ्यांत शैवाल अधिक शुद्ध राहते, पण खर्च फार वाढतो.

अमेरिकेतील प्रयोग

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळविण्याचा कार्यक्रम चालविला. त्यासाठी तीन हजारांच्या घरात वाण गोळा करण्यात आले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे प्रत्येकी १,००० चौरस मीटरच्या तळ्यांत चाचण्या झाल्या. पाण्यात सोडलेल्या वायूपैकी ९० टक्क्यांहून अधिक वायू शैवालाने वापरला, हे या प्रयोगाचे मोठे यश. मात्र थंडीमुळे उत्पादन घटे, आणि प्रयोगशाळेतील निवडक वाणांना हुसकून स्थानिक शैवाले तळ्यांचा ताबा घेत. शेतात तण माजावे तसाच हा प्रकार होता. खनिज तेलाच्या स्वस्ताईपुढे हे इंधन टिकले नाही.

उत्पादने

बाजारात टिकून आहेत ती महागडी उत्पादने: खाऱ्या पाण्यातील ड्युनालिएलापासून बीटा कॅरोटीन, हिमॅटोकॉकसपासून अस्टाझँथिन आणि अन्नपूरक म्हणून स्पिरुलिना. स्पिरुलिना शास्त्रीयदृष्ट्या शैवाल नव्हे, नीलहरित जीवाणू आहे. चाड सरोवराच्या परिसरात ती वाळवून पूर्वापार खाल्ली जाते.

मर्यादा

खाल्लेल्या किंवा जाळलेल्या शैवालातील कार्बन पुन्हा हवेत जातो. त्यामुळे ‘कार्बन पकडला’ हे शब्द जपून वापरावे लागतात. खनिज इंधनाची जागा घेतली गेली, तरच खरी बचत होते. जागेचा प्रश्नही बिकट आहे. दर चौरस मीटरला दररोज २० ग्रॅम उत्पादन वर्षभर मिळाले, तरी एक हेक्टर तळे वर्षाला सुमारे १३० टन वायू शोषील. ५०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र वर्षाला सुमारे ३० लाख टन वायू सोडते. म्हणजे वीस हजार हेक्टरांहून अधिक तळी लागतील. शिवाय रात्री शोषण थांबते. उघड्या तळ्याच्या एक लिटर पाण्यात शैवाल बहुधा एक ग्रॅमहूनही कमी असते. ते गाळून वाळविण्यात बरीच ऊर्जा खर्च होते.